अक्काच्या पत्रिकेवरचं चक्र

यंदा होळी व्हायच्या आतच आमच्या गल्लीत टँकर यायला लागला. धाराशिवच्या या घरात नळ आहे, गच्चीवर टाकी आहे, गरज पडली तर पाण्याचे जार विकत मिळतात. तरीही टँकरचा हॉर्न ऐकला की मी हातातलं काम टाकून उठते, आणि बायका घागरी घेऊन पळताना दिसल्या की माझे पाय आपोआप दाराकडं वळतात. सून म्हणते, आई, बसा तुम्ही, आपल्याला नको आहे पाणी. मी बसते. पण घशाला कोरड पडलेली असते, आणि पाणी पिऊन ती जात नाही.

हा लग्नसराईचाही मोसम. माझ्या नातीनं, प्रज्ञानं, तिच्या मावसबहिणीची लग्नपत्रिका करून द्यायचं अंगावर घेतलं होतं. ती कॉम्प्युटरवर फोटो, बॅनर असलं सगळं करते. एका दुपारी तिनं मला शेजारी बसवलं. मजकूर मी सांगायचा, तिनं टाइप करायचा. नावं झाली, गावं झाली. मग ती म्हणाली, ''आजी, वर मध्यभागी धम्मचक्र टाकू ना?''

टाक, म्हटलं.

चक्राचं बटण कीबोर्डवर थोडंच असतं? तिनं चिन्हांचा एक तक्ता उघडला. त्यात ओळीनं बारीक बारीक चिन्हं होती. तारे, बाण, चंद्रकोरी, पत्त्यातले बदाम आणि इस्पिक, फुलं, कात्री, छत्री. त्यातून तिनं आठ आऱ्यांचं चक्र शोधलं, उचललं आणि पत्रिकेवर आणून चिकटवलं. पण तिथं चक्र दिसेना. नुसता रिकामा चौकोन उमटला.

''या फॉन्टमध्ये नाहीये ते,'' प्रज्ञा म्हणाली. ''ज्या फॉन्टला चिन्ह माहीत नसतं तो असा डबा दाखवतो.'' तिनं दुसरा फॉन्ट निवडला आणि चक्र आलं. तिनं ते मोठं केलं, लहान केलं, सोनेरी केलं, खाली किंचित सावली दिली. मोजून दोन मिनिटंही लागली नसतील.

मी वाळत घातलेले कपडे काढायचं निमित्त करून गच्चीवर गेले. कपडे तर सकाळीच काढले होते.

माझे वडील कंपोझिटर होते. आमचं गाव बेंबळी. बाबा तिथून रोज पहिल्या एसटीनं उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जायचे. तिथं एक सहकारी छापखाना होता. त्या काळात आमच्याकडं सगळंच सहकारी निघत होतं. दुधाची सोसायटी, कर्जाची सोसायटी, कापडाचं दुकान, तसा हा छापखाना. दुधाच्या सोसायटीत दूध नव्हतं, कारण गुरांना चाराच नव्हता. पण छापखाना चालू होता, आणि महिन्याच्या महिन्याला पगार आणणारं आमच्या वस्तीतलं घर बहुधा आमचं एकटंच होतं. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं बुद्धाची वाट धरली. बाबा तेव्हा ऐन तारुण्यात होते. अक्षरं हाताळायला मिळतात या एका गोष्टीचा त्यांना आयुष्यभर अभिमान वाटला.

लहानपणी मी एकदा त्यांच्या छापखान्यात गेले होते. लाकडी घोडीवर तिरप्या ठेवलेल्या मोठ्या केसा, त्यात असंख्य खण आणि खणाखणात अक्षरांचे शिशाचे खिळे. बाबा न बघता हात घालत आणि नेमका हवा तो खिळा बोटांत येई. डाव्या हातातल्या पट्टीत एकेक अक्षर उभं राही, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. एखाद्या अक्षराचे खिळे संपले तर बाबा त्या जागी दुसराच खिळा डोकं खाली करून बसवत. पहिल्या कच्च्या छपाईत तिथं नुसता काळा डाग उमटे. नंतर तो काढून खरा खिळा घालायचा. बाबा म्हणत, जे नाही त्याची जागा धरून ठेवावी लागते, नाहीतर पुढची सगळी ओळ सरकते.

हे ते खिळ्यांबद्दल बोलत होते. त्यांना दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

बहात्तरच्या पावसानं पाठ फिरवली आणि त्याच्या पुढचा उन्हाळा आला. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. माझी थोरली बहीण सुशीला, म्हणजे अक्का, विशीची. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. सगळा गाव तिथं होता. आमच्या वस्तीतले होते, मराठ्यांच्या घरच्या बायका होत्या, ज्यांच्या विहिरीला कधी काळी बारमाही पाणी होतं त्यांच्या लेकीसुनाही होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच मातीची पाटी. दुपारी खायला गोड सुकडी मिळायची. अक्का आपल्या वाट्याची अर्धी सुकडी पदरात बांधून आईसाठी आणायची. आई दम्यानं कामावर येऊ शकत नव्हती. ''मला गोड आवडत न्हाय,'' अक्का सांगायची. तिला गोड किती आवडायचं ते मला माहीत होतं.

त्या उन्हाळ्याची माझ्याजवळ उरली आहे ती मुख्यतः धूळ. पापण्यांवर धूळ, भाकरीत धूळ, ओल्या फडक्यानं मान पुसली की फडक्यावर लाल पट्टा. बाभळींची पानं शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेली. आणि त्या धुळीत अक्काचं हसणं. हसताना ती तोंडावर हात धरायची, आणि हात मातीचा असल्यामुळं तिच्या ओठांवर बोटांचे ठसे राहायचे. मग मी हसायची.

त्याआधीच्या हिवाळ्यात अक्काचं लग्न ठरलं होतं. मुलगा तामलवाडीचा, नाव प्रभाकर, तिथल्या सोसायटीत सचिव. सुपारी फुटली तेव्हा तो पहिल्यांदा आमच्या घरी आला. सडसडीत, फार न बोलणारा. जाताना मात्र त्यानं बाबांना बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली, ती बाबांनी आम्हाला नंतर दहा वेळा ऐकवली. पत्रिकेत नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि नवरीचं लहान असं करू नका, दोघांची नावं एकाच मापाच्या खिळ्यात घ्या. अक्का आतल्या खोलीत भाकरी थापत होती. तिनं ते ऐकलं. ती भाकरी तव्यावर करपली.

लग्न पुढं ढकलावं असं बाबांच्या मनात होतं. पाहुण्यांना पाणी कुठून पाजायचं? पण प्रभाकररावांकडून निरोप आला की जेवण नको, मांडव नको, वैशाखी पौर्णिमेला पंचशील घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. येणाऱ्यानं आपापला पाण्याचा तांब्या आणायचा. मग बाबांनी पत्रिका छापायची ठरवली. म्हणाले, माझ्या हातानं हजारो लोकांच्या छापल्या, लेकीची न छापता कसा राहू?

छापखान्यात गणपतीचा ठसा होता, लक्ष्मीचा होता, ॐ होता, कलश होता. चक्र नव्हतं. आमच्या लोकांच्या पत्रिकांवर वर नुसतं 'नमो बुद्धाय' असे आणि वरची जागा मोकळी. सोलापूरहून ठसा करून आणायचा तर व्यवस्थापक म्हणाले, एका पत्रिकेसाठी कोण आणणार? बाबांनी खटपट केली. शून्याच्या आत फुली बसवून बघितली, फुलीच्या जागी चांदणी बसवून बघितली. त्याचा नमुना त्यांनी घरी आणला. अक्कानं तो हातात घेतला आणि पाहता पाहता तिचा हात तोंडावर गेला.

''बाबा, हे चक्र हाय का कुणी बटन तोडलंय?''

बाबाही हसले. दुसऱ्या दिवशी ते छापखान्यातून शिसवीचा एक जुना ठोकळा घेऊन आले.

मग कित्येक संध्याकाळी आमच्या अंगणात तेच चाललं. कामावरून परतलं की आम्ही दोघी पाय पसरून बसायचो आणि बाबा उजेड असेपर्यंत कोरायचे. माझ्या शाळेच्या पेटीतला कंपास त्यांनी वर्तुळ काढायला घेतला. छत्रीची काडी दगडावर घासून तिचं कोरणं केलं. आठ आरे समान अंतरावर यायला हवेत आणि आऱ्यांमधलं लाकूड खरवडताना आरा तुटायला नको. पहिला ठोकळा तसा तुटलाच. बाबा दुसरा घेऊन बसले. अक्का वाकून ठोकळ्यावरचा भुसा फुंकायची. तिनं फुंकर घातली की बाबा डोळे मिटून घ्यायचे आणि मग पुन्हा कोरायला लागायचे. आज इतक्या वर्षांनी डोळे मिटले की मला अक्काचा चेहरा नीट दिसत नाही. एक फोटो होता, तोही नाही राहिला. पण ती फुंकर ऐकू येते.

चक्र तयार झालं तेव्हा बाबांनी त्याला शाई लावून एका गुलाबी कागदावर ते उठवून आणलं. अक्कानं कागद उजेडाकडं धरला, मग पालथा करून बघितला.

''पाठीमागून बी सारखंच दिसतंय की.''

''अक्षर उलटं कोरावं लागतं, पोरी,'' बाबा म्हणाले. ''चक्राला उलटं-सुलटं नसतं.''

पत्रिका छापायच्या आदल्या दिवशी कामावर पाण्याचं पिंप आलं नाही. बैलगाडीचा बैल वाटेत बसला, असं कुणीतरी सांगितलं. ऊन असं की पाटीखालची चुंबळ तापायची. तलावाच्या तळाशी काही बायकांनी झिरा उकरला होता. त्यात हळूहळू मातकट पाणी साठत होतं. भागाबाई म्हणून आमच्या टोळीत एक मराठ्यांची बाई होती, आईच्या वयाची. ती म्हणाली, पोरींनो, नका पिऊ ते, वरून गुरं फिरलीत. आम्ही थांबलो. दुपार कलेपर्यंत थांबलो. मग अक्कानं पदराचा बोळा लोट्यावर धरून पाणी गाळलं. आधी मला दिलं, नंतर ती प्याली. आम्ही दोघी एकाच लोट्यातलं पाणी प्यालो.

उलट्या आधी मला सुरू झाल्या, पहाटे बाबा निघाल्यावर तिला. उजाडलं तेव्हा बाबा पहिल्या गाडीनं निघून गेले होते. जाताना मीच आजारी आहे एवढं त्यांनी पाहिलं होतं, अक्का तर उठून त्यांना डबा देत होती. दोन तासांत तिचे डोळे खोल गेले. दगड वाहणाऱ्या ट्रकमध्ये आम्हा दोघींना घालून उस्मानाबादला नेलं. आई मध्ये बसली होती. एक हात माझ्या कपाळावर, एक अक्काच्या. ट्रक हादरायचा तेव्हा आईचे दोन्ही हात हादरायचे, पण तिनं ते उचलले नाहीत.

दवाखान्यात सगळीकडं तसेच लोक होते. दोघी शेजारीशेजारी, मला सलाइनची बाटली, तिला बाटली. कुणीतरी छापखान्यात जाऊन सांगितलं. बाबा मशीनवरून तसेच उठून आले, हात काळे, सदऱ्यावर शाई. त्यांनी अक्काचं मनगट धरलं. तिचा आवाज पार बसला होता. मी एवढ्या जवळ होते म्हणूनच मला ऐकू आलं.

''छापून झाल्या का?''

''व्हय,'' बाबा म्हणाले. ''वाळत घातल्यात.''

''मग उद्या बघते.''

निम्म्याच छापून झाल्या होत्या, हे बाबांनी आम्हाला खूप नंतर सांगितलं.

ऊन उतरायच्या वेळेला अक्का गेली. मी वाचले. दोघींना एकच दुखणं, एकच औषध, खाटही सारखीच. का, ते मला कुणी सांगू शकलं नाही. डॉक्टरांनाही मी मोठेपणी विचारलं. ते म्हणाले, असं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी आणलं तेव्हा आंघोळ घालायला पाणी नव्हतं. वस्तीतल्या विहिरीच्या तळाला नुसता चिखल होता. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता. मी भिंतीला टेकून बसले होते, उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून सगळं बसून पाहिलं. वस्तीतली एकेक बाई आपल्या घरातला लोटा घेऊन येत होती. प्रत्येकीनं आपापल्या पिण्यातलं पाणी आणून आमच्या हंड्यात ओतलं. हंडा निम्मा झाला. मग रस्त्यावरून भागाबाई आली, डोक्यावर घागर. तिच्या घराण्यातलं कुणी आमच्या वस्तीत पाणी घेऊन कधी आलं नव्हतं. तिनं घागर उतरवली, अक्काकडं एकदा पाहिलं, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून परत गेली. घागर आमच्या दारातच राहिली. ती न्यायला ती नंतरही आली नाही. आईनंच पुढं पोचवली.

आंघोळ घालताना दिसलं की अक्काच्या मनगटावर बाबांच्या बोटांचे काळे ठसे आहेत. छपाईची शाई पाण्यानं जात नाही. बाबा उठले, म्हणाले, रॉकेल आणतो, रॉकेलनं निघतंय.

आईनं मान हलवली. ''राहू द्या. तेवढं तुमचं तिच्यासंगं जाऊ द्या.''

प्रभाकरराव तिसऱ्या दिवशी आले. त्यांना कळायलाच उशीर झाला होता. अंगणात बाबांच्या शेजारी बसले. दोघंही समोरच्या कडुलिंबाकडं पाहत राहिले, तोही त्या साली निम्मा वाळला होता. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तसे ते उठले. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

त्या साली पाऊस चांगला झाला. आम्ही माती वाहिलेला पाझर तलाव काठोकाठ भरला. गाव पाणी बघायला गेलं. आई त्या वाटेनं पुन्हा कधीच गेली नाही. शेताला जायचं असलं तर लांबून वळसा घालायची. छापून झालेल्या निम्म्या पत्रिका छापखान्याच्या माळ्यावर होत्या. त्याच पावसात माळा गळला आणि त्यांचा लगदा झाला. बाबांनी तो टोपलीत भरून स्वतः बाहेर नेला. शिसवीचं चक्र मात्र कोरडं राहिलं.

पुढच्या लग्नसराईत आमच्या लोकांतला एक माणूस मुलीची पत्रिका छापायला आला. आपल्या पत्रिकेवर वर काहीतरी असावं असं त्याला फार वाटत होतं. व्यवस्थापक म्हणाले, आमच्याकडं तुमचं चिन्ह नाही. बाबा केसेपाशी उभे होते. ते आत गेले, फळीवरून ठोकळा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि छपाईच्या फर्म्यात बसवला. ही हकीकत त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या माणसानं सांगितली. तिथून ते चक्र चालू झालं. अणदूर, तामलवाडी, बेंबळी, कुठकुठल्या गावची माणसं ते चक्र हवं म्हणून त्या छापखान्यात येऊ लागली. काही वर्षांनी कडेला एक बारीक चीर गेली. तेव्हापासून प्रत्येक पत्रिकेवर वर्तुळ एका जागी तुटलेलं उमटे. कुणाच्याही घरी गेले आणि भिंतीला खोचलेली पत्रिका दिसली की मी आधी ती चीर बघत असे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरही तेच चक्र आहे. मी ती पत्रिका कुणालाही माझ्या हातानं दिली नाही. बाबा समजले. त्यांनीच वाटल्या.

पुढं ऑफसेट आलं, नंतर छापखानाच बंद पडला. शिशाचे खिळे भंगारात वजनावर गेले. ठोकळ्याचं काय झालं मला माहीत नाही. बाबांना विचारायचं धाडस मी केलं नाही, आणि आता ते नाहीत.

पण मला आठवतो तो एक दिवस यातल्या बऱ्याच गोष्टींच्या आधीचा आहे. अक्का जाऊन दोन वर्षं झाली असतील. पुन्हा उन्हाळा होता. आई दारात गहू निवडत होती, मी तिच्याशेजारी. प्रभाकरराव फाटकाशी येऊन उभे राहिले. थोडे जाड झाले होते. आईनं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, सतरंजी टाकली आणि मला पाणी आणायला सांगितलं. ती त्यांना अजूनही 'तुमी' म्हणत होती, जावयाला म्हणावं तसं.

ते तांब्या हातात घेऊन बसले. बराच वेळ पाऊसपाण्याचं, सोसायटीचं बोलले. मग त्यांनी पिशवीतून एक पत्रिका काढली आणि आईच्या हातात न देता सतरंजीवर ठेवली. म्हणाले, घरच्यांनी ठरवलंय, मावशी. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आलो.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं पत्रिका उचलली. वरच्या चक्रावरून तिचं बोट हळूहळू गोल फिरलं. मी खालची नावं पाहिली. दोन्ही एकाच मापाच्या खिळ्यात होती. म्हणजे ही पत्रिका बाबांनीच जुळवली होती. ते रोज संध्याकाळी घरी येत होते, जेवत होते, आणि एका शब्दानं बोलले नव्हते.

''हे आमच्या सुशीचं हाय,'' आई म्हणाली.

प्रभाकरराव मान खाली घालून म्हणाले, ''व्हय. दुसरं घाला म्हणलो मी. बाबाच म्हणले, हेच असू द्या.''

गव्हाच्या सुपावर एक चिमणी येऊन बसली, दोन दाणे उचलून उडून गेली. मग आईनं विचारलं, ''पोरीचं नाव काय?''

''शोभा.''

''कामावर जाती का?''

''जाती. बंडिंगच्या, बांध घालायच्या.''

आईनं पत्रिका मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी ती सपाट केली. तिला दम लागला होता, तरी ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली.

''मग पानी घरूनच द्या तिच्यासंगं. उकळून द्या. तिथलं पिऊ देऊ नका.''

प्रभाकररावांनी हातातला तांब्या खाली ठेवला. पाणी ते प्याले नव्हते.

''देईन,'' ते म्हणाले. ''रोज देईन, मावशी.''